शंभर डॉलरच्या आतलं विमान महाग का पडलं: तास जमवण्याचं एक प्रकरण

अमेरिकेत प्रायव्हेट पायलट सर्टिफिकेट हातात आलं की घरचे पेढे वाटतात, आणि खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो. पैसे घेऊन विमान उडवायचं तर कमर्शिअल सर्टिफिकेट लागतं, आणि त्यासाठी एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या नागरी विमान खात्याच्या, पार्ट ६१ नियमानुसार एकूण २५० तास लागतात. त्यातले १०० तास पायलट इन कमांड (पीआयसी), म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतः घेणारा पायलट म्हणून, आणि त्या शंभरातले ५० तास क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे लांबच्या दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणांचे. प्रायव्हेट होईपर्यंत बहुतेकांचे साठ-सत्तर तास भरलेले असतात. उरलेल्या तासांसाठी विमान कुठून आणायचं आणि ते खिशाला कसं परवडवायचं, इथे अनेकांचं घोडं अडतं. कित्येक जण इथेच थांबतात. चांगले, हात बसलेले पायलट केवळ हिशेब न जमल्यामुळे थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून माझ्या भाचीचं प्रकरण तिच्या परवानगीने सविस्तर मांडतो आहे.

भाची टेक्सासात वाढलेली, अमेरिकी नागरिक. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात आईवडिलांबरोबर राहते, पूर्ण वेळ नोकरी करते आणि शनिवार-रविवार उडवते. प्रकरण सुरू झालं तेव्हा तिच्या लॉगबुकात ९५ तास होते आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं, म्हणजे फक्त उपकरणं बघून उडवण्याचं, शिक्षण निम्म्यावर आलेलं होतं. २५० ला १५५ कमी. त्यातले साधारण २५ तास इन्स्ट्रक्टरबरोबर जाणार होते. म्हणजे १३० तास तिला स्वतः विमान भाड्याने घेऊन उडवायचे होते. बचत बेताची, आणि कर्ज काढायचं नाही हे तिने आणि ताईने आधीच ठरवलेलं.

मी तिला पहिल्यांदा एकच विचारलं: "तुला किती तास हवेत आणि कसले हवेत?" कारण २५० ही बेरीज आहे, आणि तिच्या आत वेगवेगळ्या अटी दडलेल्या आहेत. दहा तास टेक्निकली अ‍ॅडव्हान्स्ड विमानावर इन्स्ट्रक्टरबरोबर हवेत. मोठे स्क्रीन, जीपीएसचा चालता नकाशा आणि ऑटोपायलट असलेलं विमान त्यासाठी चालतं. पूर्वी इथे उड्डाणानंतर आत ओढून घेता येणारी चाकं असलेलं कॉम्प्लेक्स विमानच लागायचं, २०१८ पासून ही सवलत आली. या दहा तासांसाठी जी१००० नावाची स्क्रीनवाली यंत्रणा बसवलेलं महागडं सेसना १७२ घ्यावंच लागणार होतं. पण उरलेले १३० तास? ते साठच्या-सत्तरच्या दशकातल्या, दोन सीटच्या, शंभर हॉर्सपॉवरच्या सेसना १५० वर केले तरी नियमाच्या लेखी त्यांची किंमत तितकीच. तिच्या डोक्यात मात्र सगळे तास ज्या विमानावर शिकली त्याच विमानावर करायचे असं बसलं होतं. शिकवणाऱ्या शाळाही मुलांना असंच गृहीत धरायला लावतात.

आणि इथे एक गोष्ट उलटी चालते. तास जमवणाऱ्याला वेगवान विमान नको असतं. मैल कापायचे नसून तास भरायचे आहेत. ९० नॉट्सने जाणारं सेसना १५० तासाला जेमतेम सहा गॅलन एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, पितं, १७२ आठ-नऊ गॅलन पितं. तेवढ्याच पैशात हळू विमान जास्त वेळ हवेत ठेवतं.

तीन भाव

तिने शोध घेऊन तीन पर्याय समोर ठेवले.

पहिला, तिचीच शाळा. कंट्रोल टॉवर असलेला विमानतळ, नवं १७२, तासाला १९० डॉलर, इंधनासकट. इंधनासकटच्या भावाला इथे वेट रेट म्हणतात, इंधन वगळून असेल तर ड्राय.

दुसरा, एका जाहिरातीतला. गावाबाहेरच्या लहानशा धावपट्टीवर ठेवलेलं सेसना १५०, तासाला ९८ डॉलर. पन्नास तासांचे पैसे आगाऊ भरायचे. भाची यावर खूष होती. "मामा, शंभराच्या आत!" असा तिचा मेसेज आला.

तिसरा, एक फ्लाइंग क्लब. प्रवेशाचे ५०० डॉलर, महिन्याची वर्गणी ६५, आणि सेसना १५० चा भाव ११२ डॉलर वेट. पण हा भाव टॅकवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या मीटरवर. तिने हा पर्याय यादीत शेवटी टाकला होता, कारण प्रवेश फी आणि वर्गणी बघून तिला तो सगळ्यात महाग वाटला.

या तीन आकड्यांची एकमेकांशी तुलना होऊच शकत नाही, कारण तिघांचा "तास" वेगळा आहे. विमानात तास मोजणारी यंत्रं सहसा दोन असतात. हॉब्स मीटर बहुतेक ठिकाणी ऑइल प्रेशरला जोडलेला असतो: इंजिन चालू झालं की तो पळायला लागतो आणि इंजिन बंद होईपर्यंत थांबत नाही, विमान जागेवर उभं असलं तरी. रिक्षाचं वेटिंग चालू राहावं तसं. टॅक मात्र इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. क्रूझच्या आरपीएमला तो घड्याळाबरोबर चालतो. जमिनीवर हजार आरपीएमवर टॅक्सी करताना त्याची गती निम्म्याहून कमी. आणि लॉगबुकात जो तास लिहायचा असतो तो या दोघांपेक्षा वेगळा: उड्डाणासाठी विमान स्वतःच्या बळावर हललं तिथपासून उतरून थांबलं तिथपर्यंत.

मी तिला तिच्या आदल्या उड्डाणाचे आकडे काढायला लावले. हॉब्स १.८. लॉगबुकात १.७, कारण इंजिन चालू करून रेडिओ लावण्यात, एटिस, म्हणजे विमानतळाची हवामानाची रेकॉर्ड केलेली सूचना, ऐकण्यात पाच-सहा मिनिटं गेलेली. अशाच उड्डाणाला त्या क्लबच्या १५० वर टॅक किती पडतो हे तिथल्या एका सभासदाला विचारलं, त्याने वही उघडून सांगितलं: साधारण १.५.

मग कागदावर मांडलं. शाळेत १.८ गुणिले १९०, म्हणजे ३४२ डॉलर, आणि पदरात पडले १.७ तास. लॉगबुकातला एक तास २०१ डॉलरला पडला.

जाहिरातीतलं विमान खोदून विचारल्यावर ड्राय निघालं. सहा गॅलन, गॅलनला सहा डॉलर, म्हणजे वर ३६. खरा भाव १३४, आणि तोही हॉब्सवर. लॉगबुकातला तास १४२ डॉलर.

क्लबात १.५ गुणिले ११२, म्हणजे १६८ डॉलर. तास ९९ ला. त्यात प्रवेशाचे ५०० आणि दहा महिन्यांच्या वर्गणीचे ६५० हे १३० तासांवर पसरले तर तासाला आणखी ९. एकूण १०८.

शाळा आणि क्लब यांच्यात १३० तासांत बारा हजार डॉलरचा फरक. शंभराच्या आतलं विमान क्लबच्या विमानापेक्षा तासाला ३४ डॉलरने महाग. त्यात ती धावपट्टी घरापासून सव्वा तासाच्या अंतरावर. जाण्यायेण्यात अडीच तास घालवून दीड तास उडवायचं, हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला असता.

कागदपत्रं

तरीही मी तिला ते जाहिरातीतलं विमान बघून ये म्हटलं, आणि बरोबर गेलो. एखादं विमान नाकारायचं कसं, हे शिकणंही तिच्या पुढच्या आयुष्याला लागणारच.

इथे एक बारकावा फार जणांना ठाऊक नसतो. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या, किंवा शिकवणाऱ्याने स्वतःच पुरवलेल्या शिक्षणाच्या विमानाला दर शंभर तासांनी तपासणी सक्तीची आहे. पण विमान नुसतं भाड्याने दिलं, इन्स्ट्रक्टर दिला नाही, तर कायद्याने वर्षातून एकदाची अ‍ॅन्युअल तपासणी पुरते. म्हणजे महिन्याला साठ-सत्तर तास उडणारं, तऱ्हेतऱ्हेच्या हातांखालून जाणारं विमान वर्षभर मेकॅनिकने उघडून न बघताही कायदेशीर असू शकतं. म्हणून लॉगबुकं बघायचीच. शेवटची अ‍ॅन्युअल कधी झाली, रडारला उत्तर देणाऱ्या ट्रान्सपाँडरची दोन वर्षांची तपासणी आणि अपघातात संकटाचा सिग्नल देणाऱ्या ईएलटीची वर्षाची तपासणी झाली का, सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती आलं, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे एफएएचे सक्तीचे दुरुस्ती-आदेश, पाळल्याची नोंद आहे का, इंजिनातलं तेल किती तासांनी बदललं जातं.

मालक बोलायला गोड होता. विमानही दिसायला स्वच्छ. पण इंजिनाची लॉगबुकं मागितल्यावर ती मेकॅनिककडे आहेत म्हणाला, मेकॅनिकचा नंबर मागितला तर पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला. विमानातल्या कागदांवरून एवढं कळलं की अ‍ॅन्युअल त्याच महिन्याच्या अखेरीस संपत होती. अ‍ॅन्युअलमध्ये एखादा सिलिंडर खराब निघाला तर विमान दोन-दोन महिने उभं राहतं, आणि आगाऊ भरलेले पन्नास तासांचे पैसे? करारात परतीचं कलमच नव्हतं.

शेवटी विम्याचा विषय काढला. "विमानाचा पूर्ण विमा आहे, तुला काही काढायची गरज नाही," असं तो भाचीला म्हणाला. तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही, त्याला स्वतःला फरक माहीत नसावा. मालकाचा विमा मालकाचं नुकसान भरून देतो. पण भाड्याने घेणाऱ्याच्या हातून विमान मोडलं तर विमा कंपनी मालकाला पैसे देऊन तेच पैसे त्या भाडेकरूकडून वसूल करायला येऊ शकते. पॉलिसीत त्याचं नाव नसेल आणि वसुलीचा हक्क लेखी सोडलेला नसेल, तर तो उघडा पडतो. म्हणून भाडेकरूने स्वतःची वेगळी, परक्या विमानासाठीची पॉलिसी काढायची असते, आणि तीत दोन आकडे बघायचे असतात: दुसऱ्यांच्या नुकसानीची जबाबदारी किती, आणि त्या विमानाच्याच नुकसानीला किती. फक्त पहिला घेतला तर प्रीमियम कमी दिसतो, पण नाक घासून प्रॉपेलर वाकला तर एक पैसा मिळत नाही. प्रॉपेलर जमिनीला लागला की इंजिन उघडून बघावं लागतं, आणि तो खर्च एखाद्या जुन्या १५० च्या किमतीच्या निम्म्यावर सहज जातो.

भाचीने तिथल्या तिथे नम्रपणे नाही सांगितलं. मला तिचा त्या वेळी फार अभिमान वाटला.

भाऊजींनी मध्येच एक चौथा पर्याय काढला होता: विमान विकतच घ्यावं, तास करावेत आणि विकून टाकावं. जमाखर्च बघणाऱ्या माणसाला हे पटकन सुचतं, आणि काहींच्या बाबतीत जमूनही जातं. पण जुनं १५० घेताना सगळी मेख इंजिनात असते. त्याच्या कॉन्टिनेंटल ओ-२०० इंजिनाला ओव्हरहॉलसाठी १,८०० तासांची शिफारस आहे, आणि स्वस्त विकायला आलेली विमानं बहुधा त्या आकड्याच्या जवळ पोहोचलेली असतात. तिच्या बचतीत विमान बसलं असतं, विमान अधिक एक नशिबाचा फटका बसला नसता. विषय तिथेच मिटला. जे भारतीय विद्यार्थी व्हिसावर इथे येतात त्यांच्यापुढे तर हा रस्ता जवळपास बंदच असतो, कारण अमेरिकेत स्वतःच्या नावावर विमान नोंदवायला माणूस नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो.

क्लबातले महिने

क्लबात शिरल्याबरोबर तिला चेकआउट द्यावा लागला: क्लबच्या इन्स्ट्रक्टरबरोबर उड्डाण, स्टॉल (पंखांची उचल संपते ती अवस्था) आणि त्यातून सावरणं, जोराच्या आडव्या वाऱ्यात लँडिंग, विमानाची लेखी परीक्षा. शिवाय ठरावीक दिवसांत एकदाही न उडवल्यास पुन्हा चेकआउट, अशी विम्याची अट. तिला सुरुवातीला हे जाचक वाटलं. मला मात्र विमानाची काळजी घेणारी माणसं तिथे आहेत याची ती खूण वाटली. मेंटेनन्स बघणारा सभासद निवृत्त मेकॅनिक होता, आणि विमानाची लॉगबुकं हँगरमधल्या कपाटात कुणालाही बघता येतील अशी ठेवलेली.

आपल्याकडेही उडण्याची सुरुवात क्लबातूनच झाली. जे. आर. डी. टाटा १९२९ साली मुंबईच्या फ्लाइंग क्लबातून शिकूनच भारतात दिलेल्या परवान्यांपैकी पहिल्याचे मानकरी ठरले. अनेकांनी मिळून एक विमान सांभाळायचं, ही रीत अमेरिकेच्या लहान विमानतळांवर आजही टिकून आहे, आणि तिची जाहिरात फारशी होत नाही. हा क्लबही इंटरनेटवरच्या शोधात वर आला नव्हता. विमानतळाच्या ऑफिसातल्या फलकावर चिकटवलेल्या कागदावर त्याचा नंबर सापडला.

तास वाया न घालवणं हे तिने इथे शिकून घेतलं. आपल्याच विमानतळावर गोल गोल फिरून तास वाढतात, पण क्रॉस-कंट्रीचे ५० त्यातून भरत नाहीत. त्यासाठी निघाल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांपेक्षा लांब जाऊन उतरावं लागतं. मग तिने नकाशावर पन्नासच्या जरा बाहेर पडणारी लहान विमानतळं शोधली आणि शनिवारची पहाट त्यांना वाहिली.

काही तास तिने क्लबातल्याच एका मुलीबरोबर वाटून घेतले. एकीने डोळ्यांवर हूड लावून फक्त उपकरणं बघत उडवायचं, दुसरीने सेफ्टी पायलट म्हणून बाहेर नजर ठेवायची. सेफ्टी पायलटने आपण पीआयसी म्हणून जबाबदारी घेतो असं दोघींनी आधी ठरवलं तर दोघींनाही तो वेळ पीआयसी लिहिता येतो, आणि खर्च निम्मा. पण क्रॉस-कंट्रीचा वेळ फक्त उडवणारी आणि उतरवणारी लिहू शकते. भाचीने हा मार्ग हूडच्या गरजेपुरताच वापरला. सल्ला माझा होता: पीआयसीचे बहुतेक तास एकटीने, स्वतःच्या निर्णयावर उडवलेले असावेत.

सगळ्यात मोठं उड्डाण होतं ते कमर्शिअलसाठी सक्तीचं लांबचं एकटं: एकूण किमान ३०० नॉटिकल मैल, तीन ठिकाणी लँडिंग, आणि त्यातलं एक ठिकाण निघाल्या जागेपासून सरळ रेषेत किमान २५० मैलांवर. क्लबचं विमान डॅलसजवळच्या डेंटनला. तिने आधी पश्चिमेकडचं लबक शहर धरलं होतं, मोजलं तर अडीचशेच्या आतच राहत होतं. वायव्येकडचं अमरिलो मात्र २५० च्या चार मैल पुढे. १५० च्या टाकीत वापरता येणारं इंधन साडेबावीस गॅलन, आणि पश्चिमेचा वारा समोरून लागला तर एका दमात पोहोचणं धोक्याचं. मग वाटेत चिल्ड्रेसला उतरून तेल घ्यायचं ठरलं. हे तिसरं लँडिंग झालं आणि नियमही पाळला गेला, कारण अंतर मूळ ठिकाणापासून मोजतात. रस्ता सोपा: २८७ नंबरचा हायवे खाली धरून विचिटा फॉल्स, व्हर्नन, चिल्ड्रेस. फक्त विचिटा फॉल्सच्या आसपास शेपर्ड तळावरची हवाई दलाची ट्रेनिंग जेट्स फिरत असतात, म्हणून तिने सगळा वेळ कंट्रोलरकडून फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे रडारवरून आसपासच्या विमानांची सूचना, घेतलं.

अमरिलो ३,६०७ फुटांवर आहे. ऑगस्टच्या पस्तीस अंशांच्या दुपारी तिथली हवा पावणेसात हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ वागते, आणि शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन तिथे धापा टाकतं. तारीख ऑक्टोबरवर ढकलली. क्लब बाहेर घेतलेल्या तेलाचे पैसे देतो, पण घरच्या पंपाच्या भावापुरतेच. म्हणून चिल्ड्रेसला टाकी भरून घेतली, अमरिलोला लागेल तेवढंच. मोठ्या विमानतळावर हँडलिंगचे पैसे लावतात आणि तेल घेतलं की बऱ्याचदा माफ करतात, ते तिने आदल्या दिवशी फोन करून पक्कं केलं. विमान रात्रभर बाहेर ठेवलं तर क्लब दिवसाला किमान तीन तासांचं भाडं लावतो. हवामान बघून ती एका दिवसात परत आली.

अमरिलोच्या विमानतळाला रिक हजबंड यांचं नाव आहे. २००३ मध्ये कोलंबिया अवकाशयानाच्या अपघातात मृत्यू पावलेले कमांडर, याच गावचे. त्यांच्याच यानात कल्पना चावला होत्या, ज्या डॅलसजवळच्या आर्लिंग्टनच्या विद्यापीठात शिकल्या आणि स्वतः छोट्या विमानांच्या इन्स्ट्रक्टरही होत्या. भाचीला हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवलं होतं. परत आल्यावर ती त्याबद्दल बराच वेळ बोलत राहिली.

नाशिकहून आलेला प्रश्न

हे सगळं चालू असताना नाशिकच्या एका नातेवाइकांनी विचारलं, त्यांचा मुलगा अमेरिकेत येऊन असेच तास करून भारतात कमर्शिअल लायसन्स घेऊ शकेल का. भारतात मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेच्या बाहेर तासावर विमान भाड्याने मिळणं जवळजवळ नाहीच, त्यामुळे हा प्रश्न पुष्कळ घरांत असतो. त्यांना एवढंच कळवलं की डीजीसीएची, म्हणजे भारताच्या नागरी विमान खात्याची, मोजपट्टी वेगळी आहे. अर्जाआधीच्या पाच वर्षांत २०० तास, त्यातले १०० पीआयसी, त्या शंभरातले किमान १५ शेवटच्या सहा महिन्यांत. २० तास क्रॉस-कंट्री पीआयसी, त्यात ३०० नॉटिकल मैलांचं एक उड्डाण, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. रात्रीचे ५ तास, दहा टेकऑफ आणि दहा लँडिंगसह. म्हणजे स्वस्त तास करून मग वर्षभर घरी बसलं तर शेवटच्या सहा महिन्यांची अट पुन्हा पैसे मागते. सेफ्टी पायलटचा वाटलेला तास ही अमेरिकी नियमातली सोय आहे. भारतात अर्ज करायचा असेल त्याने तिच्यावर विसंबू नये, एकट्याने उडवावं. आणि व्हिसाच्या अटी विमान शोधण्याआधी शाळेकडून लेखी घ्याव्यात.

भाचीचे भाड्याचे १३० तास आता संपत आले आहेत. क्लबने मध्यंतरी इंधनाचा भाव चढला म्हणून तासाला सहा डॉलर वाढवले, हिवाळ्यात विमान अ‍ॅन्युअलसाठी तीन आठवडे उभं होतं, त्यामुळे दहाचे अकरा महिने झाले. लॉगबुकातला तास सरासरी ११२ च्या घरात पडला आहे. टेक्निकली अ‍ॅडव्हान्स्ड विमानावरचे दहा तास तिने जुन्या शाळेतच ठरवले आहेत, १९० अधिक इन्स्ट्रक्टरची फी देऊन, आणि ते परीक्षेच्या अगदी आधी, म्हणजे हात ताजा असेल. कमर्शिअलनंतर लगेच इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट करायचं आहे. एअरलाइनसाठी लागणारे १,५०० तास स्वतःच्या पैशाने उडवणं तिला शक्य नाही, तिथून पुढचे तास ती शिकवून, पगार घेऊन करणार आहे. क्लबचं सभासदत्व मात्र सोडणार नाही म्हणते. तिथे शिकवायला इन्स्ट्रक्टर कमी आहेत, आणि मेंटेनन्सवाल्या काकांनी तिला अ‍ॅन्युअलच्या वेळी मदतीला येशील का असं विचारून ठेवलं आहे.